जन्मजात हृदयदोष, फुप्फुसाची शस्त्रक्रिया आणि भूलतज्ज्ञ

या विद्यालयातून बाहेर पडून वैद्यकीय सेवेत आलेल्या आम्हा माजी विद्यार्थ्यांना पालक अनेकदा विचारतात, "मुलाच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे, त्याला भूल देता येईल का?" बहुतेक वेळा देता येते, मात्र शस्त्रक्रिया फुप्फुसाची असेल, तर विशेष दक्षता घ्यावी लागते.

निरोगी हृदयाची उजवी बाजू अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठविते आणि डावी बाजू शुद्ध रक्त सर्व शरीरात पोहोचविते. मधल्या पडद्याला छिद्र असेल, तर हे दोन प्रवाह मिसळतात. ज्या बाजूला अडथळा कमी, त्या बाजूला रक्त वळते. १८८८ साली फ्रेंच वैद्य फॅलो यांनी सविस्तर वर्णिलेल्या चतुर्विध दोषात फुप्फुसाकडील वाट अरुंद असते. त्यामुळे अशुद्ध रक्त थेट शरीरात शिरते आणि ओठ व नखे निळसर दिसू लागतात.

फुप्फुसावरील अनेक शस्त्रक्रियांत एक फुप्फुस मिटवून दुसऱ्यावरच श्वास चालवावा लागतो. मोठ्या रुग्णांत त्यासाठी दुहेरी नळी वापरतात. लहान मुलांत ती बसत नाही, म्हणून एका बाजूची वाट बारीक फुग्याने बंद करतात. अशा वेळी प्राणवायू घटला, कर्बवायू साचला किंवा शरीर थंड पडले, तर फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकसतात. भुलीच्या औषधाने रक्तदाब उतरला, तरीही अशुद्ध रक्त शरीराकडे वळू शकते. म्हणून भूलतज्ज्ञाला दोन्ही बाजूंचा तोल क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडाही राहू न देण्याची काळजी तो घेतो. कारण छिद्रातून तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. निळसर रुग्णाचे रक्त दाट असते. त्याला गरजेपेक्षा अधिक काळ पाण्यावाचून ठेवल्यास गुठळी होण्याचा धोका वाढतो.

ही सारी दक्षता रुग्णाची खरी माहिती मिळाली, तरच घेता येते. 'लहानपणी ऑपरेशन झाले, आता सारे ठीक आहे' असे समजून, किंवा मुलीच्या लग्नात अडचण येईल या भीतीने, जुना हृदयविकार लपविला जातो. तसे कृपया करू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. तीत हृदयदोषांचाही समावेश आहे. त्या तपासणीचे व जुन्या शस्त्रक्रियेचे कागद पालकांनी जपून ठेवावेत आणि भूल देण्यापूर्वी भूलतज्ज्ञाच्या हाती द्यावेत, एवढीच आमची विनंती आहे.