‘कालिया मर्दन’ दाखवायला परवानगी कुणाची?

येत्या गोकुळाष्टमीला वाशिम, कारंजा किंवा रिसोडच्या एखाद्या शाळेने दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ मुलांना दाखवायचं म्हटलं, तर पहिली शंका येईल ती परवानगीची. फाळक्यांच्या वारसांना विचारावं लागेल का?

नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या वर्षावरून मोजतात: पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. १९९२ च्या दुरुस्तीआधी ती ५०च होती. ‘कालिया मर्दन’ १९१९ चा. ६० वर्षं धरली तरी मुदत १९७९ अखेर संपली. लेखकाला लागू होतो तो नियम, म्हणजे मृत्यूनंतर ६० वर्षं, लावा असा कुणी हट्ट धरला, तरी फाळके १९४४ साली गेले; तीही मुदत २००४ अखेर सरली.

प्रिंट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, म्हणून हक्क सरकारचा, हाही गैरसमजच. संग्रहालय आपल्याकडची प्रत देताना शुल्क घेईल, अटी घालेल. तो सांभाळणाऱ्याचा अधिकार; कॉपीराइट नव्हे. आणि हे सांभाळणं किती मोलाचं! हक्क संपला म्हणजे चित्रपट हाती लागतोच असं नाही. फाळक्यांचे बहुतेक मूकपट कायमचे गेले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं उरलं, आणि तीही १९१३ ची नसून १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची, असं काही अभ्यासक मानतात. ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा वाचला. त्यातला बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची लेक मंदाकिनी. आजच्या मुलांनी तिला पाहायलाच हवं.

खरी अडचण वेगळीच आहे. मूकपट मोकळा, म्हणून इंटरनेटवर दिसणारी त्याची प्रत्येक फीतही मोकळी, असं धरून चालतात. पण मूळ मूकपटाला आवाजच नव्हता. फितीत संगीत ऐकू येत असेल, तर ते नंतर कुणीतरी जोडलेलं. त्यावर त्या संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क असू शकतो. चित्र जुनं असलं तरी तो हक्क ताजा असतो.

यावरचा उपाय फाळक्यांच्या काळातलाच आहे. तेव्हा पडद्यापाशी बसून पेटी-तबला वाजवत असत. शाळांनी फितीचा आवाज बंद करावा आणि गावातल्या पेटीवाल्याला, तबलजीला बोलवावं. परंपरेतल्या गवळणीच्या चालीला कुणाचीच परवानगी लागत नाही.