शाळा उघडावी की नको?

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. नोव्हेंबरात नववी ते बारावीचे वर्ग काही जिल्ह्यांत उघडले, पण पालकांच्या लेखी संमतीची अट घालून. निर्णयाचा भार असा घरावर आला आणि घराघरांत मते दुभंगली.

आजी-आजोबांसह एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला संसर्गाची धास्ती वाटणे स्वाभाविक होते. मुलांसाठी तेव्हा लसही नव्हती. पण घरातला एकमेव मोबाइल वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर ऑनलाइन वर्ग कशावर भरणार? ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ व सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांची पाहणी केली. ग्रामीण मुलांपैकी केवळ ८ टक्के नियमित ऑनलाइन शिकत होती, ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्ण थांबला होता. ग्रामीण भागातल्या ९७ टक्के पालकांना शाळा उघडायला हवी होती.

यात भित्रे आणि धाडसी अशी विभागणी करणे अन्यायाचे ठरेल. आजाराची भीती आणि अक्षरे विसरण्याची भीती पुष्कळदा एकाच आईच्या मनात होती. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ तारखेपासून टप्प्याटप्प्याने उघडल्या, तेव्हाही मुलांना पाठवायचे की नाही हे पालकांवरच सोपवले होते.