चित्रकला न येणाऱ्यांचे शुभेच्छापत्र

शुभेच्छापत्र घरी करायचे म्हटले की बहुतेक मोठी माणसे लगेच अंग काढून घेतात. ‘आपली चित्रकला यथातथाच’ हे कारण ठरलेले. शाळेत चित्रकलेच्या तासाला वहीवर मिळालेला शेरा माणूस असा जन्मभर वागवतो. पण कागदाला घड्या घालून, त्या घड्यांचीच नक्षी जुळवून केलेल्या पत्राला हे कारण लागू पडत नाही. चित्र काढताना हात मोकळा असतो, म्हणून चुकायलाही मोकळा असतो. घडीचे तसे नाही. कोपरा कोपऱ्यावर बसतो किंवा बसत नाही, आणि बसला की नाही हे डोळ्यांना तत्काळ कळते. या कामाला उपजत कलेपेक्षा मोजमाप, सबुरी आणि कागदाची ओळख जास्त लागते. ज्यांना चित्र काढता येत नाही त्यांना हे पत्र जमेल, किंबहुना रेषेवर भरवसा असणाऱ्यांपेक्षा अंमळ बरेच जमेल, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी हॉलंडमधल्या एका छंदाकडे पाहू. तिथे चहाच्या पुड्या छापील रंगीत कागदाच्या छोट्या पाकिटांत मिळतात. 1992 च्या सुमारास टिनी फान देर प्लास या बाईंना बहिणीच्या वाढदिवसासाठी पत्र करायचे होते, आणि हाताशी होती ती ही रिकामी पाकिटे, असे सांगतात. पाकिटांचे सारखे चौकोन कापायचे, प्रत्येकाला तीच घडी घालायची आणि ते गोलाकार मांडून पत्रावर चिकटवायचे, अशी ही रीत. पुढे तिच्यावर पुस्तके निघाली, अशा घड्यांसाठी मुद्दाम छापलेले कागद बाजारात आले आणि चहापुडीची घडी हेच तिचे नाव पडले. यात कुणी चित्र काढत नाही. एकच छापील तुकडा आठदा आला की फळाचे अर्धे पान किंवा अक्षराचा एक फाटाही नक्षीत सामील होतो, आणि शोभादर्शकात दिसावी तशी चांदणी तयार होते. मूळ कागदावरचे चित्र सुंदर असले पाहिजे अशीही अट नाही. आठही तुकडे तंतोतंत सारखे असावेत, एवढीच अट.

आठच का, याचे उत्तर भूमितीत आहे. चौरसाच्या एका कर्णावर हलकी घडी घालून उघडायची. मग एका कोपऱ्याला मिळणाऱ्या दोन्ही कडा त्या कर्णरेषेवर आणून दाबायच्या. पतंगासारखा आकार होतो. कोपऱ्याचा काटकोन 90 अंशांचा. दोन्ही बाजूंनी साडेबावीस-साडेबावीस अंश आत वळले की टोकाला उरतात 45 अंश. असे आठ पतंग टोकाला टोक लावून मांडले की 360 अंश पुरे होतात, ना फट राहते ना एकावर एक चढते. कोनमापक कुठेच लागत नाही, कोन कागदच मोजून देतो. रंग खालच्या बाजूला ठेवून घडी घातली असेल, तर वळवलेल्या कडा रंगीत दिसतात आणि बाहेरच्या टोकाशी कागदाच्या पाठीचा एक काटकोनी त्रिकोण उघडा राहतो. घोटीव कागदाची पाठ पांढरी असते, म्हणून आठ पाकळ्यांच्या टोकांना आपोआप पांढरी किनार मिळते. ती नको असेल तर पतंग उलटे चिकटवावेत. चार सुलटे आणि चार उलटे घेतले तर त्याच कागदातून तिसरे फूल निघते.

मापाचा हिशेब मात्र आधी करावा, कारण पुष्कळांचे पत्र इथेच बिघडते. ए4 कागद दोनदा अर्धा केला की 105 बाय 148 मिलिमीटरचे ए6 पत्र होते आणि बाजारातल्या सी6 पाकिटात, म्हणजे 114 बाय 162 मध्ये, ते नीट बसते. आता चार सेंटिमीटरचे चौकोन घेतले तर प्रत्येकाचा कर्ण साडेपाच सेंटिमीटरच्या वर जातो. कर्ण हीच पाकळीची लांबी, तेव्हा पूर्ण फूल सव्वाअकरा सेंटिमीटरचे होते आणि साडेदहाच्या पत्रात मावत नाही. तीन सेंटिमीटरच्या चौकोनांचे फूल साडेआठ सेंटिमीटर भरते आणि भोवती मोकळी जागाही राहते. चौकोन कापताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की तो चौरस राहत नाही, आणि मग पुढे कितीही जपून घड्या घातल्या तरी टोके बसत नाहीत. म्हणून कात्रीऐवजी धातूची पट्टी आणि धारदार कटर घ्यावा.

चूक साठत जाते, ही या कामातली खरी अडचण. साडीची पहिली निरी तिरकी गेली की पुढच्या सगळ्या तिच्यामागे जातात, तसे इथेही होते. प्रत्येक टोक एका अंशाने मोठे झाले तर आठव्या पाकळीला आठ अंश जागा कमी पडते. लहान झाले तर तेवढीच फट राहते. एकापुढे एक पाकळी चिकटवत जाणारा शेवटी अडकतो तो यामुळे. त्याऐवजी आधी पत्रावर पेन्सिलीने अधिक चिन्ह आखावे, चार पाकळ्या त्या चार रेषांवर बसवाव्यात आणि उरलेल्या चार त्यांच्यामध्ये घ्याव्यात. मग चूक एका ठिकाणी न साठता आठ जागी विभागली जाते आणि डोळ्यांना कळतही नाही. कौशल्य वाढवण्यापेक्षा कामाचा क्रम बदलणे सोपे असते. चित्रकाराला ही सवलत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग ही कला कसली, यंत्रकाम झाले. हा आक्षेप जुना आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने 1837 मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची शाळा काढली, तीच पुढे बालोद्यान म्हणजे किंडरगार्टन म्हणून ओळखली गेली. त्याच्या पद्धतीत कागदाच्या घड्यांना मानाची जागा होती, आणि त्या घड्यांचे तीन गट मानले जात: वस्तूंच्या, भूमितीच्या आणि सौंदर्याच्या. सौंदर्याच्या घड्यांमध्ये एका चौकोनाला ठरावीक पायऱ्यांनी मोडत समतोल नक्षी काढायची असे. पायऱ्या ठरलेल्या असत, पण कोणत्या पायरीपाशी थांबायचे, कोणता कोपरा उघडायचा, हे मूल ठरवी. बंधन आणि निवड एकत्र नांदू शकतात, हे त्या पद्धतीने मान्य केले होते. घडीच्या पत्रातही घडी एकच असली तरी कागद कोणता, त्याचा कोणता कोपरा मध्यभागी घ्यायचा, खाली रंग कोणता ठेवायचा, या निवडी करणाऱ्याच्याच असतात. एकाच छापील चौकोनाचे चार कोपरे चार वेगळी फुले देतात. त्यातले कोणते पाठवायचे हे यंत्र सांगत नाही.

दुसरा आक्षेप आपलेपणाचा. ओरिगामी जपानची, चहापुडी हॉलंडची, दिवाळीच्या पत्रावर त्यांचे काय काम? जपानमध्ये भेटवस्तूला घडीच्या कागदात गुंडाळण्याचे शास्त्र मोठे आहे, आणि कागदाचे बगळे करण्यावरचे पुस्तक तिथे 1797 मध्ये निघाले, हे खरेच. पण आधुनिक काळात घड्यांचा प्रवास एकेरी झालेला नाही. फ्रोबेलच्या शाळेची पद्धत 1876 मध्ये तोक्योत पोहोचली आणि तिथल्या घड्यांत मिसळली. तीच पद्धत मद्रासपर्यंतही आली. तिथे टी. सुंदर राव यांनी 1893 मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. ही कल्पना बालोद्यानाच्या आठव्या ‘भेटी’वरून, म्हणजे मुलांना द्यायच्या साहित्याच्या पेटीवरून, सुचली, असे त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवले आहे. त्या पेटीत दोनशे रंगीत चौकोन असत, एका बाजूने घोटीव. शाळेच्या कार्यानुभवाच्या पिशवीत असतो तोच हा कागद. पट्टी-कंपासवाचून फक्त घड्यांनी समअष्टकोन कसा मिळतो तेही सुंदर रावांनी दाखवले आहे, आणि आपल्या फुलाच्या पोटात तोच अष्टकोन आहे. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी या पुस्तकाची दखल घेतली आणि 1901 मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. तेव्हा या घडीवर परकेपणाचा शिक्का मारण्याआधी थोडे थांबलेले बरे. ज्या घरात आकाशकंदिलाच्या कागदी करंज्या वळल्या जातात, त्या घराला ती परकी वाटण्याचे कारणही नाही.

कागदाची ओळख म्हणालो, ती पत्राच्या मधल्या मुख्य घडीला फार लागते. गिरणीत कागद धावत्या जाळीवर तयार होतो, त्यामुळे त्याचे तंतू बरेचसे एका दिशेला झोपतात. तंतूंच्या दिशेने मोडला तर कागद सरळ वाकतो, आडवा मोडला तर कुरकुरतो. जाड कार्डशीटचा वरचा थर चक्क फुटतो आणि रंगीत पत्राच्या पाठीवर पांढरी भेग दिसते. दिशा ओळखायला कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी अडतो तीच तंतूंची दिशा. 250 जीएसएमच्या कार्डशीटला आधी क्रीझिंग हवेच. छापखान्यात त्यासाठी यंत्र असते. घरी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबली तरी भागते. मागच्या बाजूला जो उंचवटा उठतो तो घडीच्या आत राहील अशा रीतीने पत्र मिटायचे. पुष्कळ जण नेमके उलटे करतात आणि दोष कागदाला देतात.

हातकागदाची गोष्ट निराळी. चौकटीत लगदा उचलून हलवताना तंतू चहूकडे विखुरतात, म्हणून तो कोणत्याही दिशेने जवळपास सारखाच वाकतो, आणि सुती चिंध्यांचे लांब तंतू असल्यामुळे सहसा फुटत नाही. या कागदाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा ही नावे त्याची साक्ष देतात. ग्रामोद्योगाच्या चळवळीतून पुण्यात 1940 मध्ये हातकागद संस्था उभी राहिली. मात्र छोट्या पाकळ्यांसाठी हा कागद घेऊ नये. तो फुगतो, धारदार टोक देत नाही. पत्राचे अंग हातकागदाचे आणि फूल पातळ घोटीव कागदाचे, ही जोडी मला सर्वांत पटते.

मुद्दाम छापलेले विकतचे चौकोन वापरावेत का? सोय होते, नाही असे नाही. पण टाकाऊ पाकिटातून सुरू झालेला उद्योग दुकानातल्या तयार संचावर येऊन ठेपला, यात थोडी गंमत आहे आणि थोडी हारही. भेटवस्तूला गुंडाळायच्या कागदावर नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. ते अंतर मोजून तेवढ्याच बाजूचे चौकोन, कडेशी समांतर कापले, की सगळे आपोआप एकसारखे निघतात. दिवाळीनंतर असा कागद घरोघरी केरात जातो.

राहिला मोबाइलचा आक्षेप. दोनशे जणांना एका बोटाने शुभेच्छा जात असताना एका पत्रासाठी संध्याकाळ का घालवावी? दोनशे जणांसाठी मुळीच घालवू नये. हा उद्योग आठ-दहा माणसांपुरताच आहे आणि तेवढाच राहावा. टपालाचे म्हणाल तर ए5 कार्डशीटचे मिटलेले पत्र आठ ग्रॅमच्या आत भरते, आठ चौकोनांचे फूल जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि पाकीट धरूनही साध्या पत्राच्या वीस ग्रॅमच्या मर्यादेत सगळे बसते. धोका वजनाचा नसून शिक्क्याचा. तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात लागते आणि शिक्क्याचा ठोका तिथेच पडतो, म्हणून फूल पत्राच्या खालच्या कडेकडे सरकवून बसवावे, वरून पातळ कागदाचा एक तुकडा ठेवावा, आणि पत्ता पत्र आत घालण्यापूर्वीच पाकिटावर लिहून टाकावा.