सटवाईने लिहिलेले

मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचे भविष्य लिहून जाते, असे आपल्याकडे मानतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवून घरातल्या म्हाताऱ्या जागतात. तिने लिहिलेले कोणाला वाचता येत नाही, आणि पुसता तर येतच नाही. कॅनडात जन्मलेल्या जेम्स कॅमेरॉनला ही सटवाई ठाऊक असण्याचे काही कारण नाही. तरीही १९९१ साली त्याने ‘टर्मिनेटर-२ : जजमेंट डे’ काढला, तो नेमका तिच्याशी भांडण मांडण्यासाठी, असे मला आजही वाटते.

१९८४ चा पहिला ‘टर्मिनेटर’ म्हणजे कंसाची गोष्ट. पुढे जॉन कॉनर नावाचा माणूस यंत्रांचा पराभव करणार आहे. मग त्याची आई सारा हिलाच, मूल पोटात येण्याआधी, मारून टाकावे म्हणून यंत्रे भविष्यातून एक मारेकरी पाठवतात. तिला वाचवायला मागोमाग एक सैनिकही येतो, आणि तोच त्या मुलाचा बाप ठरतो. म्हणजे मारेकरी आला नसता तर मूलही झाले नसते! सगळे आधीच लिहिलेले. सुमारे ६४ लाख डॉलरांत झालेला हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित करता यावा म्हणून कॅमेरॉनने आपले हक्क निर्माती गेल ॲन हर्ड हिला एका डॉलरला विकले होते. पुढे हे हक्क या हातातून त्या हातात फिरत राहिले. मालिकेचे जे झाले त्यात या फिरण्याचा वाटा थोडाथोडका नाही.

दुसऱ्या भागात सारा ते लिहिलेले पुसायला निघते. २९ ऑगस्ट १९९७ या दिवशी जग जळणार, हे तिला माहीत असते. सुरीने ती लाकडी टेबलावर ‘नियती नाही’ अशा अर्थाचे दोन शब्द कोरते आणि ज्या संशोधकाच्या कामातून ती संहारक यंत्रणा जन्मणार, त्या माइल्स डायसनच्या घरात बंदूक घेऊन शिरते. पण बायकापोरांदेखत जमिनीवर पडलेल्या त्या साध्या माणसाला मारायला तिचा हात धजत नाही. सगळा प्रकार समजल्यावर डायसन स्वतःच आपले आयुष्यभराचे काम नष्ट करायला तयार होतो आणि त्यातच मरतो. शेवटी अरनॉल्ड श्वार्झनेगरचा यंत्रमानव आपल्या डोक्यातली चिप उरू नये म्हणून वितळलेल्या पोलादात उतरतो. सटवाईचा कागद फाडायचा तर त्याची किंमत मोजावी लागते, आणि इथे प्रत्येकाने आपापल्या परीने ती मोजलेली असते.

भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर हा चित्रपट आम्ही इतक्यांदा पाहिला, की काही ठिकाणी पडद्यावर नुसत्या रेघा उरल्या होत्या. पाऱ्यासारख्या वितळणाऱ्या खलनायकाचे तेव्हा सर्वांनाच अप्रूप होते. पण संगणकावर तयार केलेली दृश्ये त्यात सगळी मिळून जेमतेम पाच-सहा मिनिटांची आहेत. बाकी स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यातल्या बाहुल्या आणि मुखवटे. महामार्गावरच्या पुलाखालून जाणारे हेलिकॉप्टर तर खरेच उडवलेले आहे. पाहताना पोटात गोळा येतो, तो म्हणूनच.

गोष्ट इथे संपली होती. अडचण एवढीच, की गल्ला संपला नव्हता. शिवाय श्वार्झनेगरची लोकप्रियता होतीच. मग २००३ साली तिसऱ्या भागाने सांगितले, की तो संहार टळला नव्हता, नुसता लांबला होता. २००९ च्या चौथ्या भागात थेट युद्धच आले. २०१५ च्या ‘जेनिसिस’ने आधीच्या दोन्ही चित्रपटांची सरमिसळ करून ठेवली. जॉन कॉनरच खलनायक झाला आहे, हे त्यातले गुपित तर जाहिरातीच्या चित्रफितीनेच फोडून टाकले! असो. या तिघांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. परक्याने घर विकत घेऊन भिंती पाडल्या तर हळहळ वाटते, एवढेच.

२०१९ च्या ‘टर्मिनेटर : डार्क फेट’ची गोष्ट निराळी. कॅमेरॉन निर्माता म्हणून परतला होता. मधले तिन्ही भाग जमेस न धरता हा दुसऱ्या भागाचाच पुढचा अध्याय, असे जाहीर झाले होते. साराच्या भूमिकेत त्रेसष्ट वर्षांची लिंडा हॅमिल्टन पुन्हा उभी राहणार होती. मालक घरी आला, अशा भावनेने मी तिकीट काढले.

पहिल्या काही मिनिटांतच १९९८ सालचा ग्वाटेमालाचा समुद्रकिनारा दिसतो. सारा आणि जॉन निवांत बसलेले. एक यंत्रमानव चालत येतो आणि त्या पोराला गोळ्या घालून निघून जातो. संपले. कंसाने गोकुळात आणखी एक मारेकरी धाडला, त्याने कृष्णाला खरोखरच मारले, आणि कीर्तनकार पुढे सांगू लागले की काळजी नको, पलीकडच्या आळीत दुसरा कृष्ण आहे, असाच हा प्रकार. कारण पुढे कळते, की जुनी यंत्रणा नष्ट झाली खरी, पण तिच्या जागी ‘लीजन’ नावाची दुसरी उगवणार आहे, आणि जॉनच्या जागी मेक्सिकोतली दानी नावाची मुलगी. नावे बदलली, गणित तेच. मग डायसन मेला कशासाठी? आणि तो पोलादात उतरलेला यंत्रमानव?

माझा भाचा म्हणतो, ‘मामा, तुम्ही जुन्या प्रेमातून बोलता. जगात एक यंत्र मोडले तरी दुसरे निघणारच की.’ मुद्दा खोटा नाही. त्याच मुद्द्यावर एक चांगला चित्रपट होऊ शकला असता, आणि त्याची सुरुवात ‘डार्क फेट’मध्ये आहेही. मेक्सिको सिटीतल्या मोटारींच्या कारखान्यात दानी आणि तिचा भाऊ सकाळी कामावर जातात, तर भावाच्या जागी यंत्राचा हात बसवलेला! भविष्यातून कोणी यावे लागले नाही. साध्या कामगाराचा घास यंत्राने काढून घेतला. मी खुर्चीत पुढे सरसावलो. पण थोड्याच वेळात मारेकरी आला, पाठलाग सुरू झाला आणि तो हात पुन्हा कोणाला आठवला नाही. अमेरिकेच्या सीमेवर निर्वासितांना कोंडून ठेवणारी छावणी येते, तिचेही तेच. मालमोटारी, कोसळणारे विमान, धरण, अंधारात पाण्याखाली झुंज. पण संगणकात घडवलेल्या माणसाला लागत नाही, हे डोळ्यांना आता कळते.

लिंडा हॅमिल्टनकडे मात्र बघत राहावेसे वाटते. ओरखडलेला आवाज, मुलाचा चेहरा आता आठवत नाही म्हणून खंतावणारी आई. ज्याने जॉनला मारले तोच यंत्रमानव टेक्सासात एका बाईसोबत आणि तिच्या मुलासोबत संसार करतो आहे, पडदे विकण्याचा धंदा करतो आहे, हे कळल्यावरची तिची नजर पाहावी. पुत्रशोक झालेली बाई आणि पश्चात्ताप शिकलेला मारेकरी एका टेबलाशी! पटकथेने तिथे थोडे थांबायला हवे होते. पण पडद्यांच्या धंद्यावर दोन विनोद होतात आणि बंदुका गाडीत भरायला सुरुवात होते.

दिग्दर्शक टिम मिलर आणि कॅमेरॉन यांचे पटले नव्हते, हे पुढे बाहेर आलेच. अठरा कोटी डॉलरांहून अधिक खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात २६ कोटींच्या आसपास गल्ला केला. त्यातला चित्रपटगृहांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च वजा केला, की मोठा तोटा उरतो. पुढचे भाग काढायचे बेत होते, ते बारगळले.

कॅमेरॉनने दुसऱ्या भागासाठी आणखी एक शेवट चित्रित केला होता. त्यात २०२९ साल आहे, सारा म्हातारी झाली आहे आणि बागेत बसून नातीला खेळताना पाहते आहे. तो त्याने काढून टाकला आणि त्याऐवजी रात्रीचा काळा रस्ता ठेवला. पुढे काय आहे ते दिसत नाही, गाडी मात्र जात राहते. ‘डार्क फेट’च्या शेवटीही बाग आहे. कुंपणाबाहेरून दानी आणि सारा एका लहान मुलीला खेळताना पाहतात आणि मग जीपमध्ये बसून निघून जातात. म्हातारी सारा बागेत आहे, पण कुंपणाच्या बाहेर, आणि नात कोणा दुसऱ्याचीच.