नंबर अचूक, तरी दृष्टी अंधूक. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यावर कशी बसते याच्या मोजमापाला महत्त्व

बेंगळुरू – चष्म्याची काच डोळ्यापुढे साधारणतः १२ मिलिमीटर अंतरावर स्थिर असते. कॉन्टॅक्ट लेन्सचे तसे नाही. ती अश्रूंच्या पातळ थरावर बसते, पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर किंचित सरकते आणि काही वेळा स्वतःभोवती फिरतेही. त्यामुळे कागदावर नंबर अगदी बरोबर असूनही लेन्स लावल्यावर अक्षरे पुसट दिसतात, अशी तक्रार अनेकांकडून ऐकू येते. अशा वेळी डोळ्याचा नंबर पुन्हा काढून फारसे काही साधत नाही. लेन्स डोळ्यावर नेमकी कोठे आणि कशी बसली आहे, हे मोजावे लागते.

या प्रश्नाची सर्वाधिक झळ केराटोकोनसच्या रुग्णांना पोहोचते. या विकारात पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया), पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. विकार बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो. शिक्षण आणि नोकरीची हीच वर्षे असतात. चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो आणि पुढे चष्म्याचा उपयोगच होईनासा होतो. बेंगळुरू येथील नारायण नेत्रालय या संस्थेत या विकारावर बरीच वर्षे संशोधन सुरू आहे. डॉ. भुजंग शेट्टी यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत पारपटलाचा आकार, त्याची ताकद आणि अश्रूंमधील घटक यांचा अभ्यास केला जातो. डोळे सतत चोळण्याच्या सवयीचा या विकाराशी संबंध असल्याचे जगभरातील अभ्यासांतून दिसून आले आहे.

महाराष्ट्रालाही हा विकार परका नाही. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात ३० वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक व्यक्तींच्या तपासणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात केराटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के नोंदवले गेले. मात्र पारपटलाची वक्रता ४८ डायॉप्टरपेक्षा अधिक असणे हा त्या अभ्यासाचा निकष होता. निकष अधिक कडक लावल्यास हा आकडा बराच खाली येतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

फिरणारी लेन्स

सर्वांत सोपे मोजमाप सिलिंडरचा नंबर असणाऱ्यांच्या मऊ लेन्सचे. या लेन्सची शक्ती एका ठरावीक अक्षावर असते. लेन्स फिरली की अक्षही फिरतो. लेन्स आपल्या जागेपासून १० अंश फिरली, तर सिलिंडरच्या नंबरापैकी सुमारे एकतृतीयांश दोष दुरुस्त न होता उरतो. ३० अंश फिरल्यास उरलेला दोष मूळ नंबराएवढाच भरतो, म्हणजे लेन्स लावून सिलिंडरपुरता काहीच लाभ नाही.

म्हणून अशा लेन्सवर कारखान्यातच बारीक खुणा कोरलेल्या असतात. तपासनीस स्लिट लॅम्पच्या सूक्ष्मदर्शकातून या खुणा पाहतो आणि त्या किती अंश कलल्या आहेत ते मोजतो. घड्याळाच्या तबकडीची कल्पना येथे उपयोगी पडते. तबकडीवरील एक तास म्हणजे ३० अंश. तळाची खूण तपासनिसाच्या डाव्या हाताला सरकली असेल, तर तेवढे अंश अक्षात मिळवायचे. उजवीकडे सरकली असेल, तर वजा करायचे. समजा, रुग्णाचा अक्ष २० आहे आणि लेन्स १० अंश डावीकडे फिरून बसते. अशा वेळी ३० अक्षाची लेन्स मागवली जाते. ती फिरून बरोबर २० वर येते.

लेन्स फिरू नये म्हणून तिचा खालचा भाग बहुधा जाड ठेवतात. वजनामुळे ती खाली राहते, असा समज आहे. प्रत्यक्षात मोठा वाटा पापण्यांचा असतो. भिजलेली बी दोन बोटांत दाबली की जाड बाजूकडे निसटते; वरच्या पापणीच्या दाबाखाली लेन्सचेही तसेच होते. प्रत्येकाच्या पापण्यांची ठेवण निराळी असल्याने एकच लेन्स दोघांच्या डोळ्यांवर वेगवेगळी बसते. हे मोजमाप दुकानातील यंत्राने चष्म्याचा नंबर काढून होत नाही. चष्म्याचा कागद दाखवून परस्पर लेन्स मागवणाऱ्यांनी एवढे तरी जाणून घ्यावे.

हिरवा रंग आणि काळी जागा

केराटोकोनसमध्ये मऊ लेन्स अनेकदा पुरत नाही, कारण ती उंचवट्यावर तशीच लपेटली जाते. तेथे प्राणवायू आरपार जाऊ देणारी कडक लेन्स वापरतात. तिच्या आणि पारपटलाच्या मधली जागा अश्रूंनी भरते. अश्रूंचा अपवर्तनांक सुमारे १.३३६, तर पारपटलाचा १.३७६ असतो. दोन्ही इतके जवळ आहेत की पुढच्या पृष्ठभागावरील ओबडधोबडपणा प्रकाशाच्या दृष्टीने जवळजवळ नाहीसा होतो.

ही लेन्स कोठे टेकते हे पाहण्यासाठी फ्लुओरेसीन हा रंग डोळ्यात घालतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये तो तयार केला होता. निळ्या प्रकाशात अश्रू साठलेली जागा हिरवी चमकते आणि लेन्स टेकलेली जागा काळी दिसते. शंकूच्या टोकावर मोठा काळा ठिपका दिसला, तर लेन्स तेथे घासत आहे. दृष्टी कितीही स्वच्छ असली तरी ती लेन्स नाकारली जाते. घर्षणाने पारपटलावर कायमचा व्रण राहू शकतो.

अलीकडच्या काळात मोठ्या आकाराच्या स्क्लेरल लेन्सचा वापर वाढला आहे. ही लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि पारपटलावरून कमानीसारखी जाते. मधल्या पोकळीत खारे द्रावण भरलेले असते. या द्रावणाची जाडी ओसीटी यंत्राने मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लेन्स लावताना ही जाडी काहीशे मायक्रॉन असते. पुढील काही तासांत लेन्स हळूहळू खाली बसते आणि जाडी १०० मायक्रॉनच्या आसपास कमी होऊ शकते. पोकळी फार खोल राहिली तर पारपटलाला प्राणवायू कमी मिळतो; फार उथळ राहिली तर लेन्स टेकते.

तरीही काही रुग्णांना दिव्याभोवती शेपट्या किंवा एका अक्षराची दोन अक्षरे दिसतात. पारपटलाच्या मागच्या पृष्ठभागातील दोष अश्रूंनी झाकला जात नाही, हे त्याचे एक कारण. हे उरलेले दोष मोजणारे लहरमापन तंत्र मूळचे खगोलशास्त्रातले. १९९४ मध्ये ते मानवी डोळ्यासाठी वापरण्यात आले. लेन्स डोळ्यावर असतानाच हे मोजमाप घेऊन उलटी दुरुस्ती लेन्सच्या पुढच्या पृष्ठभागावर कोरता येते. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये केराटोकोनसच्या रुग्णांवरील असे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे सूक्ष्म दोष निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यात आढळले.

येथेच जागेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. डोळ्याचा पांढरा भाग सर्व बाजूंनी सारखा नसल्याने स्क्लेरल लेन्स बहुधा खाली आणि कानाच्या बाजूला सरकून बसते. दुरुस्ती मात्र बाहुलीसमोर हवी. ठशांनी कापड छापताना दुसरा रंग थोडा सरकला की नक्षी बिघडते, तसेच हे आहे. मिलिमीटरच्या काही दशांशांनी जागा चुकली तर दुरुस्तीच नवा दोष निर्माण करते. यासाठी चाचणीच्या लेन्सवर खुणा करून डोळ्याचे छायाचित्र घेतात, बाहुलीपासूनचे अंतर आणि फिरल्याचा कोन मोजतात आणि अंतिम लेन्सवर दुरुस्ती तेवढी सरकवून कोरतात.

लेन्सने विकार थांबत नाही. तो वाढत असल्यास अतिनील किरण आणि रायबोफ्लेविन यांच्या साहाय्याने पारपटल बळकट करणारा क्रॉसलिंकिंग उपचार वेगळा करावा लागतो. पारपटल रोपण हा शेवटचा मार्ग, आणि तो दात्यांवर अवलंबून आहे. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या निधनानंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये नारायण नेत्रालयात त्यांच्या पारपटलांचे थर विलग करून चार जणांना दृष्टी देण्यात आली होती. नीट बसलेल्या लेन्समुळे अनेक रुग्णांना रोपणाची वेळ टाळता किंवा लांबवता येते.

लेन्सच्या फेरतपासणीला जाताना ती घरूनच लावून, शक्यतो तीन-चार तास आधीपासून डोळ्यावर ठेवून जावे, असे सांगितले जाते. दवाखान्यात नुकतीच लावलेली स्क्लेरल लेन्स पुरती बसलेली नसते आणि तिचे मोजमाप दिवसभराच्या स्थितीशी जुळत नाही.