पेशीतील कॅल्शियम आयनांचे अनुस्फुरणमापन

स्नायूंचे आकुंचन, ग्रंथींचा स्राव इत्यादी व्यापारांचे नियंत्रण पेशीरसातील मुक्त कॅल्शियम आयनांच्या चढउतारांनी होते. विश्रांत पेशीत त्यांची संहती सुमारे १०० नॅनोमोलर असते. मॅग्नेशियम आयनांची मात्र हजारो पटींनी अधिक असते. दोहोंचा विद्युत्भार सारखाच असता केवळ कॅल्शियम कसा ओळखावा आणि ओळख पटल्याची खूण बाहेर कशी मिळवावी, असे दोन प्रश्न येथे उपस्थित होतात.

पहिल्याचे उत्तर यजमान-अतिथी रसायनात सापडते. १९६७ साली पेडरसन यांनी क्राउन ईथरांचे वर्णन केले. त्यांतील अठरा अणूंच्या वलयाच्या पोकळीत पोटॅशियम आयन नीट सामावतो. अतिथीच्या आकारास अनुरूप यजमान, हेच या शाखेचे सूत्र होय. १९८० साली रॉजर त्सिएन यांनी वर्णिलेल्या बाप्टा या यजमानाचे दोन नायट्रोजन व सहा ऑक्सिजन अणू कॅल्शियमला आठ बाजूंनी वेढतात. मॅग्नेशियम आयन लहान असल्याने त्या सर्वांशी त्याचा एकाच वेळी संबंध जुळत नाही; त्यामुळे त्याचे बंधन फार दुर्बल राहते.

दुसऱ्या प्रश्नासाठी अनुस्फुरणाचा, म्हणजे प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश उत्सर्जित करण्याच्या गुणधर्माचा, उपयोग होतो. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्युरा-२ या दर्शकात यजमानाचा नायट्रोजन वर्णधारी गटाशी संलग्न आहे. कॅल्शियम बद्ध होताच नायट्रोजनचे एकाकी इलेक्ट्रॉनयुग्म त्या गटास पूर्ववत उपलब्ध राहत नाही आणि शोषण लघु तरंगलांबीकडे सरकते. परिणामी ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाने उद्दीपित केल्यास अनुस्फुरण वाढते, ३८० नॅनोमीटरने केल्यास घटते. या दोन मापनांचे गुणोत्तर घेतले असता पेशीची जाडी व दर्शकाचे प्रमाण यांचा परिणाम बहुतांशी वगळला जातो.

तथापि यजमान हा तटस्थ साक्षीदार नव्हे. तो स्वतःच कॅल्शियम बांधून ठेवतो. तत्पूर्वीचा क्विन-२ हा दर्शक मंद अनुस्फुरण देत असल्याने अधिक प्रमाणात वापरावा लागे, आणि जो चढउतार मोजावयाचा तोच त्यामुळे दबला जाई. फ्युरा-२ ची दीप्ती कित्येक पटींनी अधिक असल्याने अल्प मात्रा पुरते. शिवाय बंधन अतिप्रबळ असल्यास दर्शक अल्प संहतीतच संपृक्त होतो व पुढील वाढ दाखवू शकत नाही. म्हणून दर्शकाचा विघटनांक मापनीय संहतीच्या आसपास असावा लागतो. सर्वांत घट्ट धरणारा यजमान हा सर्वोत्तम मापक ठरतोच असे नाही.