पुराच्या गावात डिस्क राइट करताना

सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, तोंड लिंपून हवाबंद केलेली. त्यांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि बरीचशी कायमची निकामी झाली. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेव्हा सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. घराघरांतले, दुकानांतले संगणकही चिखलात गेले.

अशा गावात मोडी कागदांचे स्कॅन, नाटकाच्या तालमींचं रेकॉर्डिंग किंवा आजोबांचे फोटो कशावर ठेवायचे? हार्डडिस्क आणि पेनड्राइव्ह ठेवाच, पण सोबत एक प्रत ऑप्टिकल डिस्कवर असावी असं माझं मत आहे. डिस्कमध्ये मोटर नाही, सर्किट नाही. थोडा वेळ गढूळ पाण्यात राहिलेली डिस्क स्वच्छ पाण्यानं धुऊन, मऊ कापडानं मधून कडेकडे पुसून वाळवली, तर बहुतेक वेळा वाचता येते. गोल गोल मात्र पुसायची नाही, कारण मजकुराची वाटही गोलच असते आणि त्या दिशेनं गेलेला ओरखडा जास्त नुकसान करतो.

पण गल्लीतल्या दुकानातून कोरी सीडी आणून 'मारली' म्हणजे झालं, असं नाही. कोऱ्या सीडी-आर किंवा डीव्हीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो. रायटरचा लेझर त्या रंगाला तापवून त्यात ठिपके उमटवतो आणि वाचताना परावर्तित प्रकाशातल्या फरकावरून ते ओळखले जातात. सीडीसाठी लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५०चा, ब्लू-रेसाठी ४०५चा. तरंगलांबी जितकी कमी तितके ठिपके बारीक, म्हणून सीडीवर ७०० एमबी, डीव्हीडीवर ४.७ जीबी आणि एकपदरी ब्लू-रेवर २५ जीबी मावतात. हा रंग ऊन, उष्णता आणि दमटपणानं फिका पडतो. लग्नाच्या जुन्या सीडी आज अडखळतात, त्यामागं अनेकदा हेच कारण असतं.

दुसरी अडचण थर कुठे असतो याची. सीडीत तो छापील बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो, त्यामुळं वरून बॉलपेननं नाव लिहिलं की थेट मजकुरालाच धक्का. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो. ब्लू-रेत वाचायच्या बाजूपासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत, पण त्यावर कठीण लेप असतो.

जपणुकीसाठी घ्यायची तर असेंद्रिय थराची डिस्क घ्यावी. साधी, चांगल्या प्रतीची ब्लू-रे बीडी-आर बहुतेक अशीच असते. फक्त खोक्यावर 'एलटीएच' छापलेलं असेल तर ती परत ठेवा, तिच्यात पुन्हा सेंद्रिय रंगच असतो. दुसरा पर्याय एम-डिस्क. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मिलेनियाटा कंपनीनं ती आणली आणि हजार वर्षं टिकेल असं सांगितलं. हा आकडा प्रयोगशाळेत उष्णता आणि आर्द्रता वाढवून काढलेला अंदाज आहे. हजार वर्षांचं कुणी पाहिलंय? पन्नास वर्षं टिकली तरी आपलं काम झालं. मात्र एम-डिस्कच्या डीव्हीडीला जास्त ताकदीचा लेझर लागतो, म्हणून ती चालेल असं लिहिलेलाच रायटर हवा.

इथं फर्मवेअरचा, म्हणजे रायटरच्या आतच बसवलेल्या प्रोग्रॅमचा विषय येतो, आणि तो लोक सगळ्यात कमी समजून घेतात. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर आतल्या बाजूला तिच्या उत्पादकाचा सांकेतिक क्रमांक कारखान्यातच कोरलेला असतो. एका प्रसिद्ध जपानी डीव्हीडी+आरचा क्रमांक 'एमसीसी ००४', तर आपल्याकडच्या मोझर बेअर कंपनीच्या डिस्कवर 'एमबीआयपीजी१०१' असा यायचा. खोक्यावरचं नाव एक आणि आतला क्रमांक भलत्याच कारखान्याचा, हेही सर्रास होतं. रायटरमध्ये डिस्क घातली की तो हा क्रमांक वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमधल्या तक्त्यात शोधतो. या डिस्कला लेझर किती ताकदीनं द्यायचा, प्रत्येक स्पंद किती लांब ठेवायचा, कुठल्या वेगानं जायचं, हे तिथं लिहिलेलं असतं. मग राखीव जागेत छोटी चाचणी घेऊन तो ताकद बारीक जुळवतो. क्रमांक तक्त्यात सापडला नाही तर सरसकट मोघम मापं वापरतो. डिस्क तयार होते, आज वाचताही येते, पण चुका भरपूर असतात आणि थर थोडा फिका पडला की ती बोलेनाशी होते. नव्या फर्मवेअरमध्ये बहुधा हेच असतं: नव्या डिस्कांचे क्रमांक आणि त्यांची दुरुस्त मापं.

म्हणून आधी इम्गबर्नसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये रायटरचं नाव, फर्मवेअरची आवृत्ती आणि डिस्कचा क्रमांक वाचून वहीत लिहा. आवृत्ती जुनी असेल आणि डिस्क नीट राइट होत नसेल तरच अपडेट करा. काम चांगलं चालत असेल तर उगाच हात लावू नका. फाइल फक्त उत्पादकाच्या अधिकृत ठिकाणावरून आणि अगदी त्याच मॉडेलची घ्या. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी ती फाइल आपली नव्हे. चुकीचं फर्मवेअर गेलं की रायटर कायमचा गप्प होतो. ट्रे रिकामा ठेवा, बाकीचे प्रोग्रॅम बंद करा. यूएसबीचा रायटर असेल तर हबमधून न देता थेट संगणकाला जोडा. आणि यूपीएस हवाच. पावसाळ्यात आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि अपडेटच्या मध्येच गेली तर तो रायटर गेलाच समजा. अपडेट पूर्ण होईपर्यंत काही दाबू नका. मग संगणक रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि आवृत्तीचा आकडा बदललाय का बघा.

राइट करताना सर्वांत कमी वेग म्हणजे सर्वांत चांगला, हा जुना समज सोडा. मापं एका ठरावीक वेगासाठी बसवलेली असतात. १६ पटीच्या डीव्हीडीला ८ पट, एम-डिस्क डीव्हीडीला ४ पट, ब्लू-रेला ४ ते ६ पट वेग ठीक. ब्लू-रे ४ पटीनं पूर्ण भरायला साधारण २३ मिनिटं लागतात, एवढी सबुरी ठेवावी. एकाच बैठकीत लिहून डिस्क बंद करा, 'पुढं अजून भरू' म्हणून उघडी ठेवू नका. फाइलींची नावं देवनागरीत असतील तर यूडीएफ पद्धत निवडा, नाहीतर जुन्या पद्धतीत नावं कापली जातात. कडेचा थोडा भाग रिकामा सोडा, कारण डिस्क बिघडायला सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

मग तपासणी. राइट करण्याआधी प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा, काढून ती यादी डिस्कवरही ठेवा आणि कागदावरही छापा. नंतर दुसऱ्याच रायटरमध्ये डिस्क घालून चेकसम पुन्हा काढा. ज्यानं लिहिलं त्यालाच विचारलं तर तो आपलं अक्षर वाचणारच. काही रायटर चुकांची मोजणीही देतात. डीव्हीडीत लागोपाठच्या ८ ब्लॉकमध्ये दुरुस्त होण्याजोग्या चुका २८०च्या आत असाव्यात अशी मर्यादा आहे, जपणुकीच्या डिस्कवर त्या त्याहून खूपच कमी हव्यात.

नाव लिहायला पाण्याच्या शाईचा मार्कर वापरा, तोही मधल्या पारदर्शक कड्यावर. स्टिकर नको. कडक डबीत उभी ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर नको. आणि दोन प्रती दोन गावांत ठेवा. एक सांगलीत, दुसरी साताऱ्यात. कृष्णा साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटते, कराडला कोयनेला आणि हरिपुराला वारणेला, म्हणून सांगलीत पाणी तुंबतं. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उंचावर आहे, तिथं हे पाणी येत नाही. दर दोन-तीन वर्षांनी दोन्ही प्रती काढून चेकसम तपासा. एक बिघडली तर दुसरीवरून लगेच नवी करा.

घाई मात्र दुसऱ्याच कारणानं करायला हवी. मोझर बेअरच्या अवसायनाचा आदेश २०१८मध्ये निघाला. सोनीनं फेब्रुवारी २०२५मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कांचं उत्पादन थांबवलं. लॅपटॉपमधले ट्रे तर कधीच गेले. घरात चालता रायटर असेल तर तो भंगारात देऊ नका, आणि जमलं तर एक जास्तीचा घेऊन खोक्यातच ठेवा.